शिवेवरचा गाडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पुण्याच्या धुळीला कंटाळून मी लोणावळ्याची गाडी पकडली. डब्यात समोर एक तरुण डॉक्टर बसले होते. लोणावळ्याचे आरोग्याधिकारी म्हणून नवी नेमणूक होऊन निघाले होते. मी शाळामास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. आधी मुंबईची डॉक्टरकी, मग विलायतेत जाऊन सार्वजनिक आरोग्याची वेगळी पदविका. पाणी, गटारं, दूध, साथीचे रोग, सगळ्याची परीक्षा द्यावी लागते म्हणे. "इतर डॉक्टरांचा रोगी खाटेवर असतो," ते म्हणाले, "माझा रोगी म्हणजे अख्खं गाव." वाक्य मला फार आवडलं. कामशेत मागे पडेपर्यंत मी खुशीत त्यांना घरचे बेसनाचे लाडू खाऊ घालत होतो. ते लाडू आठवले की अजून चरफडतो.

लोणावळ्याला उतरताच अंगाला गार वारा लागला. स्टेशनाबाहेर गुडदाणी (गूळ-शेंगदाण्याची वडी) घेतली आणि धर्मशाळेत वळकटी टाकली. बंगल्यांत मुंबईची मंडळी येऊन भरली होती. ऐन वैशाखात माळी तिथल्या गुलाबांना झारीने पाणी घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत फिरत गावाच्या हद्दीपर्यंत गेलो. हद्दीच्या दगडाजवळ एक लहानसा लाकडी गाडा उभा होता. त्यात लिंबं, हिरव्या बांगड्या, कडुनिंबाचा पाला आणि मधे शेंदूर फासलेली मूर्ती. हा मरीआईचा गाडा. पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली की लोक देवीला गाड्यात बसवून पुढच्या गावाच्या शिवेवर (हद्दीवर) सोडून येतात, म्हणजे साथही तिकडे जाते अशी समजूत. डॉक्टर शिपायांना घेऊन तिथे आलेच होते. "बघा मास्तर, हा अडाणीपणा," ते मला म्हणाले. "आपलं दुखणं शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं." मी मान डोलावली. ते बोलत होते ते बरोबरच होतं.

दगडापलीकडे एक म्हातारी उभी होती. साथीच्या वाडीतलं कुणी गावात शिरू नये म्हणून शिपायाने तिच्यापुढे काठी आडवी धरली होती. ती टेकडीखालच्या वाडीतली; सुंदरामावशी हे नाव मला मागाहून कळलं.

"डागतरसायेब, माज्या सुनंला रातीपासनं ढाळ-वकाऱ्या लागल्यात," ती म्हणाली. "लय लांब न्हाई. हितनं घर दिसतंय. येऊन बगा."

डॉक्टरांनी टेकडीकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडी आपल्या हद्दीत येत नाही, तालुक्याला कळवू, असं ते शिपायाला म्हणाले, मावशीला नव्हे. मी म्हटलं, औषधांची पेटी तुमच्या हातात आहे, घर डोळ्यांना दिसतंय. तर म्हणे, आज ही हद्द ओलांडली तर उद्या दहा वाड्या दारात येतील, आणि गावात साथ शिरली तर बंगलेवाले पळून जातील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात त्याच वाडीतला गवळी दुधाची चरवी घेऊन आला, आणि शिपायाने मुकाट्याने काठी बाजूला केली. बंगल्यांना चहा लागतो ना! गाडीत मला दुधावर प्रवचन देणारा माणूस खुशाल घड्याळ बघत होता.

मी त्याला नाही नाही ते बोललो आणि मावशीबरोबर चालू लागलो. वाट ओढ्यातून होती. ओढा आटला होता, आणि वाळूत खणलेल्या एका खड्ड्याभोवती वाडीचं पिणं, धुणं, गुरं, सगळंच चाललं होतं. डॉक्टरने परीक्षा दिली होती ती नेमकं असलंच पाणी तपासायची.

सून विशीतली होती, नाव गंगू. डोळे खोल गेले होते, बोटं सुरकुतली होती. मी पाणी उकळून, मीठ घालून चमच्याने पाजत राहिलो, पण पोटात काही ठरेना. तशातही मावशीने माझ्यापुढे नाचणीची भाकरी आणि ठेचा ठेवला. दिवस कलता कलता गंगू गेली.

बाहेर आलो तर वाडीच्या तोंडाशी तोच गाडा उभा होता. साहेबांच्या हुकमाने शिपाई दुपारीच तो ढकलत आणून सोडून गेले होते. ते पाहिलं आणि मी तिथेच त्या डॉक्टरला शिव्या घालायला लागलो.

मावशी उंबऱ्यावर बसली होती. "मास्तर, त्याला नगा बोलू," ती म्हणाली. "आमीबी गाडा त्येच्याच शिवंवर ढकलला व्हता की."

माझा राग मात्र उतरला नाही.

दुसऱ्या दिवशीच परत फिरलो. गाडीभर तेच डोक्यात होतं. मावशीने त्याला माफ केलं, मी करणार नाही. वाडीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. हा माणूस समुद्र ओलांडून शिकून आला आणि त्यानेही गाडाच ढकलला. माझा रोगी म्हणजे अख्खं गाव, म्हणाला होता. त्या अख्ख्या गावात गंगू नव्हती.