लुनाची मागची जागा

रामकिशन माझा धाकटा भाऊ. तेच्याबद्दल वंगाळ बोलाया जीभ वळत न्हाई, पर बोलल्याबिगर राहवत बी न्हाई. सबंध वाडीत कुणालाबी इच्यारा, देवमाणूस म्हणतील. दारू न्हाई, तंटा न्हाई, बायकोवर कधी हात उचलला न्हाई. रेणुकाला, तेच्या लेकीला, नुसता ताप आला तरी हा गडी ताटावर बसायचा न्हाई. एवढा जीव लावणाऱ्या बापानं लेकीचं नुस्कान कसं केलं, ते मला इच्यारा. नवरा गेल्यापासून मी तेच्याच भिंतीला भिंत लावून राहते.

आमची वाडी बिदरकडली, चिटगुप्प्यापासून जवळच. घरात मराठी, शेतात मराठी, म्हशीला शिव्या द्यायच्या त्या बी मराठीत. चिटगुप्प्याला गेलं की मात्र कानडी पाहिजे. गडीमाणसं जात-येत शिकतात. आम्ही बाया कुठं जातोय? म्हाताऱ्या झालो तरी आमचं कानडी 'येष्टू' म्हणून भाव इच्यारण्यापलीकडं गेलं न्हाई.

रामकिशनला दोन लेकरं, रेणुका आणि व्यंकट. रेणुका थोरली, पर व्यंकट पाळण्यात व्हता म्हणून तेला सांभाळाया तिला घरी ठिवली, आणि मंग दोघांचं नाव एकदमच शाळेत घातलं. एकाच वर्गात बहीण-भाऊ. पोरगी लई हुशार. मराठी शाळाच ती, पर कानडीचा एक तास असायचा. मास्तर कानडी, बसवकल्याणकडला. शाळा आमच्या घरामागंच, मी मागच्या दाराला भाकरी थापायची तर शाळेतलं समदं ऐकू यायचं. मास्तर इच्यारायचा आणि पोरंच वराडायची. पोरी गप. मास्तरला वाटायचं, पोरींना येत न्हाई. मंग तो पोरींना इच्यारणंच सोडून दिला. पाणी भरा, वर्ग झाडा, पाहुणे आले तर रांगोळी काढा, त्याला पोरी. बोलाया पोरं.

अहो, पोरं कामून बोलायची? बाजारच्या दिशी रामकिशन लुना काढायचा. पुढं भाजीचं पोतं, मागं व्यंकट. चिटगुप्प्यात शिवशंकरप्पाची आडत व्हती, तिथं हे पोरगं दिवसभर लोळायचं. शिवशंकरप्पा तेला भजी चारायचा, आणि कानडीत चेष्टा करायचा. हा बी उलटून बोलायचा. असं करत करत कानडी खडाखडा. पुस्तकात मात्र डोकं चालायचं न्हाई. इकडं रेणुका कानडीचा धडा घडाघडा वाचायची, अक्षर मोत्यासारखं, पर जिवंत माणसासंगं कानडीत बोलायची पाळीच तिच्यावर कधी आली न्हाई.

मी रामकिशनला म्हणले बी व्हते, "आरं, एखाद्या बाजाराला पोरीला ने की. तिला बी गंमत."

"अक्का, पोरीच्या जातीला बाजारात काय काम? माणसं कशी बघतात तुला म्हाईत न्हाई," म्हणाला. रागानं न्हाई बरं का, काळजीनं. तेच्या काळजीनंच घात केला.

सातवी झाली. रेणुका पहिली आली, व्यंकट कसाबसा पास. म्होरं चिटगुप्प्याला हायस्कूल, समदं कानडीत. सुमन, माझी भावजय, म्हणायली, पोरीची शाळा बास झाली आता. पर रामकिशनचा जीव लेकीत अडकलेला. तो म्हणाला, "हायस्कुलाच्या मोठ्या मास्तरला इच्यारू. ते म्हणले पोरगी शिकणारी हाय, तर माझं काय बी होऊ दे, मी तिला शिकवणार." रेणुकानं ते ऐकलं आणि त्या रात्री माझ्या गळ्यात पडून अशी नाचली, इच्यारूच नका.

सकाळी तिघं लुनावर निघाले. व्यंकट पुढं उभा, रेणुका मागं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या जागेवर बसली पोरगी. वेणीला लाल रिबीन, बापाच्या सदऱ्याला घट्ट धरलेलं.

म्होरलं मी रामकिशनकडून ऐकलंय, आणि रेणुकाकडून बी. मोठा मास्तर चांगला माणूस व्हता. मार्काचा कागद बघून खूश झाला आणि रेणुकासंगं कानडीत बोलाया लागला. नाव काय, गाव कुठलं. पोरगी गप. तेला वाटलं पोरगी भ्याली, म्हणून हसत सोपं इच्यारलं, "येताना वाटंत काय काय बघितलंस?" पोरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाप म्हणायलाय, "बोल की गं, बोल!" ती भुईकडं बघायली. मंग व्यंकटच मधी घुसला. कानडीत म्हणाला, "काहीच न्हाई सर. वाटंत काय असतंय? रोजचंच हाय." मास्तर खदाखदा हसला, तेच्या पाठीवर थाप मारली.

मंग रामकिशनला म्हणाला, "पोरगा चुणचुणीत हाय. पोरगी पाठ करून मार्क पाडती, इथं टिकायची न्हाई. उगं तिचे हाल करू नका."

माझ्या भावानं मान हलवली. सातवी पास माणसासमोर जो कधी खुर्चीत बसला न्हाई, तो मोठ्या मास्तरला काय उलटून बोलणार? पोरगीच बोलंना म्हणल्यावर तेला बी खरं वाटलं.

घरी आली ती सरळ माझ्याकडं. रडली न्हाई. चुलीम्होरं बसली आणि म्हणाली, "आत्या, मला समदं समजलं व्हतं. वाटंत काय बघितलं ते इच्यारले. मी लई बघितलं व्हतं गं." आणि जी सुरू झाली! लाल दगडाची खाण बघितली, तेच्यात पाणी साचलंय आणि कडंनं बगळे बसलेत. दुकानांच्या पाट्या बघितल्या, समद्या वाचल्या, लुना पळायली तरी वाचल्या. आणि एक बाई, नऊवारी नेसलेली, सायकलवर, दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या अडकवून एकटीच चाललेली. "आत्या, बाई सायकलवर! म्हातारी व्हती गं, तुझ्याएवढी." मी म्हणले मर मेले, मी म्हातारी व्हय? तवा कुठं हसली. मंग हुंदका फुटला तिला.

मी तशीच रामकिशनकडं गेले, लई बोलले तेला. तो म्हणाला, "अक्का, मास्तरपरीस तुला जास्त कळतंय का?" झालं. व्यंकट हायस्कुलात गेला आणि नववीतच दप्तर फेकून आला. आता टेम्पो चालवतोय, बरं चाललंय तेचं. रेणुकाला बिदरजवळच्या कमठाण्याला दिली. नवरा गरीब, चांगला. सासरी तिनं कधी काही मागितलं न्हाई. एकाच गोष्टीला हटून बसली. तिची सौम्या बोलाया लागली तसं नवऱ्याला म्हणाली, "बिदरच्या बाजाराला जाताना पोरीला गाडीवर मागं बसवायची. दर खेपेला. ती न्हाई तर तुम्ही बी न्हाई."

औंदा सौम्या आठवीत जायची. मी आणि रामकिशन पाहुणे म्हणून कमठाण्याला गेलो व्हतो, तर रेणुका म्हणाली, चला तुम्ही बी शाळेत. रामकिशनचे गुडघे गेलेत, काठी घेऊन आला. नेत्रावती म्हणून मॅडम व्हत्या. कानडीतलं समदं रामकिशन माझ्या कानात मराठी करून सांगत व्हता. सौम्या तेंच्यासंगं कानडीत अशी सुटली, की मॅडमच म्हणल्या, थांब गं बाई, मला बी बोलू दे. आम्ही समदे हसलो. रामकिशन तर डोळे पुसाया लागला.

मंग मॅडम रेणुकाकडं वळल्या. गोड आवाजात कानडीत इच्यारल्या, "तुम्ही कुठवर शिकलात?"

रेणुकानं तोंड उघडलं. मिटलं. भुईकडं बघाया लागली. आणि सौम्याच मधी बोलली, "आई सातवी शिकली, मॅडम. तिला बोलाया येत न्हाई."

मी रामकिशनकडं बघितलं. मोठ्या मास्तरपुढचं ते समदं तेला आठवलं, मला तेच्या तोंडावरच दिसलं. तीच भुईकडं लागलेली नजर, आणि तिच्याबदली दुसरंच कुणी बोलायलंय.

येताना तो शाळेच्या फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, "रेणुका, मी चुकलो गं पोरी. तुला बाजाराला न्यायला पाहिजे व्हतं. मला कळलंच न्हाई." मंग इतक्या वर्सांनी पहिल्यांदा इच्यारलं तेनं, "त्या दिशी वाटंत काय बघितलं व्हतंस गं तू?"

माझ्या तोंडावर आलं व्हतं, सांग की गं, खाण सांग, पाट्या सांग, ती सायकलवाली बाई सांग बापाला. रेणुकानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बापाचा हात धरला.

"काहीच न्हाई अप्पा," म्हणाली. "वाटंत काय असतंय?"