पडद्याआडचा फळा

डोंगराकडेच्या त्या किरगिझ गावात जुमागुल एजे, म्हणजे जुमागुलताई, सव्वीस वर्षं भूगोल शिकवतायत, आणि गेले सात महिने एका फळ्यावरून नुसत्या धुमसतायत. फळा इलेक्ट्रॉनिक, बोटाने चालणारा. तो आला त्याच दिवशी मुख्याध्यापक सागिनबेकनी त्यावर घरच्या टीव्हीवरचा भरतकामाचा पडदा टाकला. धूळ नको, हात नको! पडदा निघणार फक्त पाहुण्यांसाठी.

"बाइके, गुरुवारी तपासणी आहे," एजे त्यांना 'दादा' अशी हाक मारत म्हणाल्या. "या फळ्यावर धडा जमला नाही तर माझ्याकडचा भूगोल दुसऱ्या कुणाकडे जाणार. तासभर तरी हात लावू द्या!"

"जुमागुल, तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय ना? सर्टिफिकेट आहे की!"

"तिथे तो साहेब एकटाच बोटं नाचवत होता, आम्ही चाळीस जणी वहीत उतरवत होतो! वहीत बघून कुणी घोड्यावर बसायला शिकतं का?"

"बिघडला तर?"

एजेंचं डोकंच फिरलं. त्या तडक, फळा होता त्या सातवीच्या वर्गात गेल्या आणि पडदा ओढून काढला. नकाशा उघडला, बोट लावलं, तर इसिक-कुल सरोवर उलटंच झालं. पोरं खो खो हसली.

"हसा! पण सरळ कसं करायचं ते सांगा."

"दोन बोटांनी फिरवा, एजे!"

सागिनबेक दारात ओरडले, "अगं, पडदा!"

"घरी न्या, बाइके. तुमच्या टीव्हीला थंडी वाजत असेल."

चौथ्या खेपेला सरोवर सरळ झालं. इतकंच होतं? एवढ्यासाठी सात महिने? रागाने एजेंचे डोळे भरून आले, आणि हात बसावा म्हणून त्यांनी मुद्दाम नकाशा पुन्हा उलटा केला.