दीड मिनिटाचा गळा

माझी नात टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून बाद होऊन वाटूरला परत आली, तेव्हा तिला पूर्ण अभंग म्हणता येईना. गेली तेव्हा येत होता. पाचही कडवी, एका बैठकीत.

एकादशीला भजनी मंडळाच्या बायकांनी तिला कौतुकानं पुढं बसवलं. पोरीनं ध्रुवपद म्हटलं, एक उंच सूर खेचला, डोळे मिटले, हात जोडले आणि थांबली. टाळ्यांसाठी! पेटीवाल्या काकू भाता हलवत बसल्या.

"मंग पुढचं, बाई?"

"एवढंच बसवून घेतलं त्यांनी, काकू. दीड मिनिटाचंच असतंय."

"देवाला बी दीडच मिनिट द्यायचं का गं?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. नात खाली मान घालून बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन महिने या टीव्हीवाल्यांनी काय शिकवलं? कुठं हात उचलायचा, कुठं डोळ्यात पाणी आणायचं. मलासुद्धा त्यांच्यातल्या एकाचा फोन आला होता. "आजी, गरिबीचं काहीतरी सांगा ना. घरावर पत्रे आहेत का?" म्हटलं, "स्लॅब आहे. ये, वाळवण घालू लाग." त्यानं फोन ठेवला.

अशानं कलावंत होतात का, असं मला लोक विचारतात. न्हाई. बिलकुल न्हाई. माझ्यावरूनच सांगते.

पंधराव्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला गाण्याचा कप मिळाला. दुसऱ्या दिवसापासून ही महामाया भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून गावात हिंडायची. गार पाण्यानं आवाज बसतो म्हणून भांडी बंद. आई म्हणाली, "भांडी काय गळ्यानं घासतीस?" भजन शिकवणाऱ्या बुवांनी सांगितलं, एकच अभंग महिनाभर म्हण. मी नाक उडवलं. कप मिळाल्यावर शिकायचं कशाला? त्या दिवसापासून मी एक अक्षर नवीन शिकले नाही. पण तो गाढवपणा माझा एकटीचा होता. इथं चांगली शिकलेली, पगारी माणसं तोच गाढवपणा पोरांना ठरवून शिकवतात आणि वर त्याला संधी म्हणतात.

परवा त्याच पत्रे विचारणाऱ्या माणसाचा नातीला फोन. बाद झालेल्यांचा खास भाग आहे, येतेस का? सांगते म्हणून तिनं ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तिला जायचं होतं, दिसत होतं.

म्हटलं, "जायचं तर जा. आडवी येणार न्हाई. पण आधी पाची कडवी म्हणून दाखव."

"आज्जे, आत्ता?"

"आत्ताच. मी ऐकून राह्यले."

दुसरं कसंबसं आलं. तिसऱ्यात शब्दच आठवेनात. चिडली, पाणी प्याली, पुन्हा पहिल्यापासून धरलं. यावेळी तिसरं पार पडलं, आवाज फाटला तरी थांबली नाही. तेवढ्यात पुन्हा त्या माणसाचा फोन आला.

तिनं उचलला आणि म्हणाली, "थांबा हो, अजून दोन कडवी राह्यलीत." आणि कट केला.