आईचं गाणं तलासरीच्या घरात

या सदरातले अनुभव मी आजवर पान उलटून सोडून देत आलो. मी चिकूचा व्यापारी. वाडीत उभा राहून झाडावरचा माल डोळ्यांनी जोखतो, आणि जे हाताला लागत नाही त्याचा भाव करत नाही. भूतखेत, करणी, बाहेरचं — असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं तर मी तोंडावर हसतो. तरी आज लिहायला बसलोय, कारण ही गोष्ट मी स्वतः, माझ्या हाताने, पुन्हा पुन्हा तपासून पाहिली आहे.

आमचं मूळ घर डहाणूजवळ नरपडला. तिथे माझा थोरला भाऊ वसंतदादा राहायचा, रेल्वेत क्लार्क. त्याला शिकवलं, मला चिकू उतरवायला झाडावर चढवलं. त्यातूनच मी धंदा उभा केला आणि ऐंशी सालानंतर तलासरीला हायवेपासून जवळच स्लॅबचं घर बांधलं. कोणाचा हातभार नाही त्याला. आई मात्र शेवटपर्यंत दादाकडेच राहिली.

आई लग्नाची गाणी गायची. पहिली ओळ ती उचलायची, मग बायका ती मागून धरायच्या. ज्याच्या घरी कार्य, त्या घरधन्याचं नाव ती पहिल्याच ओळीत घालायची. ते नाव तिच्या तोंडून ऐकलं की माणसाची मान ताठ व्हायची... मी पाहिलंय ते. माझ्या वास्तुशांतीला मात्र ती गायली नाही. आली, नव्या कोचावर बसली, जेवली, खिडकीचे गज चाचपून मजबूत आहेत म्हणाली. बायकांनी आग्रह केला तेव्हा म्हणाली, घसा बसलाय. आणि पुढच्याच महिन्यात दादाच्या मुलीच्या हळदीला ती संध्याकाळभर गायली! दादाच्या मेहुण्याने ते सगळं टेप केलं. मी मांडवात खुर्च्या लावत ऐकत होतो.

त्यानंतर वर्षभरात आई गेली.

तोवर माझ्याकडे डबल कॅसेटचा डेक आला होता. दमणला दुकानदाराशी अर्धा दिवस हुज्जत घालून, दोनदा पायऱ्या उतरून जाऊन मिळवलेला. मग काय, उधव्यापासून डहाणूपर्यंतचे नातलग कॅसेट भरून घ्यायला माझ्याच दारात. दादाच्या मुलीच्या लग्नाचा अल्बमही असाच घरोघर फिरत माझ्याकडे आला. जिकडेतिकडे आई दादाला खेटून. एकाच फोटोत ती एकटी होती. त्याची निगेटिव्ह दादाकडून आणून डहाणूच्या स्टुडिओत मोठी कॉपी काढून घेतली आणि हॉलमध्ये लावली. फोटो अगदी छान आला. मग मी हळदीच्या गाण्यांची कॅसेट मागितली. दादाने लगेच काढून दिली. पाहिजे तेवढे दिवस ठेव म्हणाला. त्याचं हे मोठेपण माझ्या डोक्यात जातं.

रविवारी दुपारी मी डेकवर कॉपी भरली आणि ऐकायला बसलो. ढोलकी लागली. बांगड्यांचा आवाज, मध्येच कोणीतरी चहा मागितला... आणि आईची ओळ यायच्या जागी काहीच नाही. नुसती ढोलकी. मग बायकांनी ओळ धरली, जणू त्यांना ती ऐकू आली होती. पुढेही तसंच. रिकामी जागा, आणि तिला बायकांचं उत्तर. माझी बायको शैला ओले हात घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "सासूबाई कुठे आहेत यात?"

मूळ कॅसेट लावली. तीही तशीच. दादाने खोडसाळपणा केला असं धरून मी शैलाला घेऊन तसाच नरपडला गेलो आणि अंगणातूनच बोलायला सुरुवात केली. दादाने दोन्ही कॅसेट त्याच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावल्या. दोन्हींत आई. स्वच्छ, खणखणीत! माझ्या कॉपीतसुद्धा.

मी माल तपासल्याशिवाय घेत नाही. दादाचा टेपरेकॉर्डर तलासरीला आणला — आई नाही. माझा डेक चिकूच्या पेटीत पेंढा भरून टेंपोने नरपडला नेला — आई आहे. तलासरीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने हेड साफ करून त्याच्या दुकानात कॅसेट लावली. आई गायली. ते दुकान माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे! घरी आणून लावली की पुन्हा तेच.

शेवटी दादा स्वतः आला. माझ्या हॉलमध्ये, आईच्या फोटोखाली बसून त्याने त्या रिकाम्या जागा ऐकल्या. मग विचारलं, "मधू, वास्तुशांतीला तू आईला सुपारी दिली होतीस?"

आमच्याकडे गाणाऱ्या बाईला पाटावर बसवून, कपाळाला कुंकू लावून, हातात अक्षता आणि सुपारी देऊन बोलवायची रीत आहे. त्याशिवाय ती गात नाही.

"सख्ख्या आईला सुपारी? परकी होती का ती?"

"मी दिली होती," दादा म्हणाला. "एका घरात राहून दिली होती."

"तुम्हा ऑफिसवाल्यांना प्रत्येक गोष्टीला अर्ज लागतो."

तो हसला नाही. "तुझ्या घरून परत आल्यावर ती मला म्हणाली होती, मधूने बोलावलं असतं तर दिवसभर गायले असते."

"मग मला सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?"

"तिनेच नको म्हटलं. म्हणाली, सांगून मिळालेलं बोलावणं मला नको."

म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. माझ्या घरात आई का गायली नाही ते आईला माहीत, दादाला माहीत, आणि मी गजांचं कौतुक धरून बसलेला. त्या दिवशी मी त्याला चहाही विचारला नाही. आता टेपला सुपारी देऊ का, असं ओरडलो, तसा तो उठून गेला.

काही आठवडे डेक कपड्याने झाकून ठेवला. मग एका दुपारी शैलाने पाट मांडला आणि त्यावर डेक ठेवला. हळद-कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. मला लाज वाटत होती, आपल्याच घरात चोरासारखं. तरी डेकला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, सुपारी वर ठेवली आणि म्हणालो, "आई, माझ्या घरी गायला ये."

बटण दाबलं. ढोलकी लागली... आणि आई गायली. सबंध हॉल भरून. शैलाने पदर डोळ्यांना लावला. माझं लक्ष मात्र पहिल्या ओळीवर होतं. वसंताच्या दारी, म्हणाली ती. माझं घर, माझा डेक, माझी सुपारी... आणि नाव त्याचं.

कॅसेटवर तेच भरलेलं आहे, हे मलाही कळतं. पण मग सुपारीशिवाय ती रिकामी का वाजते? तेही मी तपासलंय. सुपारी काढून ठेवली की आई नाही. रेडिओवाला हात जोडतो. ओळखीच्या एका इंजिनिअरने घराच्या वायरिंगला दोष दिला, ती वायरिंग मी नवी करून घेतली. काही फरक नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

दादा म्हणतो, "आली ना ती तुझ्या घरी? आता सोड." पण मी सौदा अर्धवट सोडणारा माणूस नाही. दरवर्षी वास्तूच्या तिथीला पाट मांडतो, सुपारी ठेवतो, आईला बोलावतो. ढोलकी लागली की पुढे सरकून बसतो. पहिली ओळ येते. अजून तरी दादाचंच नाव येतं.