आधी झाकण, मग हात

विमानात मी आजवर बसलेले नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी तोंड वर करून विचारायला नको. बसले नाही, पण विमानाचं नाक आमच्या घरात होतं. अंजनगावात, विड्याची पानं निवडायच्या खोलीत. मी माझ्या हातानं बनवलेलं. सांगाडा प्लायवूडचा, वरून कूलरचा पत्रा, आत दोन खुर्च्या, समोर जुन्या कॉम्प्युटरचा पडदा आणि डोक्यावर, बाजूला, गुडघ्यापाशी नुसती बटनं. पडद्यावर नागपूरची धावपट्टी दिसायची आणि मी उतरायचे. म्हणजे बहुतेक वेळा आपटायचे.

गावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. अमरावतीच्या आयटीआयत वायरमनचं शिकले, वर्गात एकटी मुलगी. तेव्हापासून लोकांच्या 'कावून'ची, म्हणजे 'कशाला'ची, मला सवय. "बाई, कपाशी गेली, संत्रा वाळला, विहिरी तळाले गेल्या, अन् तू विमान बनवून राहिली? कावून?" मी म्हणायचे, "तुमच्या पारावरच्या पत्त्यापेक्षा माह्यं विमान बरं." तोंड बंद व्हायचं. खरं कारण कुणाला सांगितलं नाही, आता सांगते. त्या वर्षांत आमच्याकडे काहीच आपल्या सांगण्यानं होत नव्हतं. पाऊस त्याच्या मर्जीनं, भाव बाजाराच्या मर्जीनं, आणि लाईन, म्हणजे वीज, ती कुणाच्या मर्जीनं यायची ते देवालाच ठाऊक. त्या पत्र्याच्या खोक्यात मात्र सगळं बॅटरीवर, मी बटन दाबलं की दिवा लागायचा आणि बंद केलं की विझायचा. मला एवढंच पाहिजे होतं.

त्यातली माझी लाडकी बटनं म्हणजे लाल झाकणाची. विमानात काही बटनं अशी असतात की चुकून धक्का लागला तर सत्यानाश. म्हणून त्यांच्यावर झाकण. आधी झाकण वर उचलायचं, मग आतली दांडी वर करायची. बंद करताना नुसतं झाकण पाडलं तरी पुरतं, ते दांडीला दाबून खाली घेऊन जातं. चालू करायला दोन कामं, बंद करायला एक. अकोल्याच्या एका भंगारवाल्या चाचांकडे गोणीच्या तळाशी मला अशी बारा सापडली. चाचा म्हणाले, "बेटी, हवाई जहाज का है के मिक्सर का, अपने को नै मालूम. लेकिन झाकन मजबूत है." बसमध्ये ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले, शेजारच्या बाईला वाटलं प्रसाद आहे.

ती कशी हाताळायची हे मी विमानाच्या छापील सूचनांवरून शिकले. आधी तोंडानं बटनाचं नाव घ्यायचं. मग बोट झाकणाखाली. मग एक श्वास थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हेच ना? मग उचलायचं. उठताना सगळ्या झाकणांवरून तळहात फिरवायचा. सगळी खाली असली की सगळं झोपलेलं. महिनाभरात माझा हात डोळे मिटूनही तिथे जायला लागला.

आता बाबांकडे येते.

आमचा पानमळा. नागवेलीला रोज पाणी लागतं, एक दिवस चुकला तर वेल रुसते. पंप जुना, पट्ट्यावर चालणारा. लाईन दिवसात कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून वऱ्हाडातल्या हजार शहाण्यांनी करावं तेच बाबांनी केलेलं: स्टार्टरचं हिरवं बटन दाबून त्यात बांबूची कामटी खोचून ठेवायची. लाईन आली की पंप आपोआप सुरू. माणूस हजर असो नसो, पाणी चालू. आमच्या शिवारात प्रत्येक विहिरीवर ही कामटी होती, आणि मी, वायरमन, रोज ती बघून गप्प बसायचे. माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

एका दुपारी लाईन नव्हती. पट्टा चाकावरून उतरला होता, बाबा तो चढवत होते. कामटी जागेवर. लाईन आली. उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं आणि त्याच्या शेजारचं अख्खं बोट.

अमरावतीच्या दवाखान्यातून बाबा परत आले, आणि तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले तर काय? डाव्या हातानं खोचलेली नवीकोरी कामटी! सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. मी तिथेच ओरडले. बाबा शांतपणे म्हणाले, "लाईन आली अन् मी नसलो त? वेल मरन न." मी म्हटलं, "अन् तुमी मेले त?" ते म्हणाले, "एका हातावर दोनदा वीज पडत नसते." काय बोलावं या माणसाला!

मायला मी सांगितलं. माय तेव्हा पानं निवडत होती. तिनं मान वर न करता फैसला दिला. "मळा माह्या बापानं मले देल्ला. सातबारा माह्या नावानं हाय. उद्यापासून तुमी विहिरीवर पाय ठेवला त मळा बटईनं दुसऱ्याले देऊन टाकीन." बाबा हसले. मग त्यांना कळलं की ती खरंच बोलतेय, तेव्हा ते जेवले नाहीत. वेलींना पाणी मी द्यायचे, आणि ते पुढचे चार दिवस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. जो माणूस पहाटे वेलींशी बोलायचा तो बैठकीतल्या खुंटीसारखा दिसायला लागला. मला मायचाही राग आला आणि बाबांचाही. मळ्यावाचून हे महिनाभर जगणार नाहीत आणि कामटीसकट मळ्यात गेले तर वर्षभर जगणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पाचव्या दिवशी मी विमानातलं एक लाल झाकणाचं बटन उपटलं आणि विहिरीवरच्या स्टार्टरच्या हिरव्या बटनाच्या जागी जोडलं. दांडी वर असली तर लाईन येताच पंप सुरू. झाकण खाली, तर लाईन येवो नाहीतर तिचा बाप येवो, पंप चालू होणार नाही. कामटी उपटून विहिरीत फेकली. शिवारात हसाहस. "विमानाचं बटन विहिरीवर! आता पंप उडते वाटते!" हसा म्हटलं, तुमची दहाच्या दहा बोटं जोवर शाबूत आहेत तोवर हसून घ्या.

मायला मी म्हटलं, "बाबाले शिकवतो. शिकले त जाऊ देशीन?" माय म्हणाली, "परीक्षा मी घेईन. मी लाईन गेली म्हणलं की झाकण पडलं पायजे. दहा वेळा लागोपाठ. एक चुकली की पुन्हा एकपासून. अन् चालू बी त्याईनंच कराचं, तू हात लावाचा नाई."

मग काय, बाबा विमानाच्या डाव्या खुर्चीत आणि माय उजव्या खुर्चीत मांडीवर पानांची टोपली घेऊन. मायच्या हाताशी मी एक बटन दिलं. ते दाबलं म्हणजे लाईन आली असं समजायचं. त्या वेळी झाकण उघडं असलं तर ऑटोचा भोंगा वाजणार. तो भोंगा एका रिक्षावाल्यानं कंटाळून मला दिला होता, यावरून काय ते समजा.

पहिल्या दिवशी भोंगा इतका वाजला की शेजारीण भांडायला आली. माय म्हणायची, "लाईन गेली." बाबा म्हणायचे, "गेली त गेली, राहू दे, येईन तवा चालू होईन." हात हलायचाच नाही. ही आमच्या भागातल्या माणसाची सवय बघा. लाईन गेली की पुण्याचा माणूस बटनं बंद करत असेल, आमचा माणूस सगळी चालू करून ठेवतो आणि वाट बघतो. तीस वर्षांची वाट त्या हातात मुरलेली. माय बटन दाबायची, भोंगा कोकलायचा, बाबा खुर्चीतून उडायचे आणि मला शिव्या घालायचे. तिला घालायची हिंमत नव्हती.

झाकण पाडणं आठ-दहा दिवसांत जमलं. उचलणं जमेना. झाकणाच्या खालच्या काठाला अंगठा लावून वर ढकलावं लागतं, आणि अंगठा अर्धा. त्याचा थोटका भाग निसटायचा, जखम ठणकायची, डोळ्यांत पाणी यायचं. एकदा ते पत्र्यावर मूठ आपटून ओरडले, "बंद कराले सोपं अन् चालू कराले मरण! कोण्या बह्याडानं बनवलं हे?" मी म्हटलं, "बाबा, मुद्दाम तसंच बनवलं हाय." त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग हुशार असन तो." डावा हात वापरा म्हटलं तर ऐकेनात. "उजवा मेला नाई अजून."

त्याच काळात शहरातून एक माणूस कॅमेरा घेऊन आला. त्या वर्षांत असे खूप यायचे, आमचं दुःख मोजायला. बाबांच्या हाताचं कुणीतरी सांगितलं असावं. त्याला बाबा विहिरीच्या काठावर पाहिजे होते, हात पुढे धरून, नजर खाली. बाबा कॉकपिटमध्ये बसलेले. म्हणाले, "फोटो काढाचा असन त इथंच काढा. मी आता नागपूरले उतरून राहिलो." तो माणूस माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "यांच्या डोक्यावर काही परिणाम..?" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय ते त्याला कळलं नसेल, पण मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या मधल्या बोटात लोखंडी नख होतं. पानं खुडायला आम्ही अंगठ्यात घालतो ते, धारेचं. अंगठा पुरता राहिला नाही म्हणून त्यांनी ते ठोकून लहान केलं आणि मधल्या बोटात बसवलं. नखाचं टोक झाकणाखाली घातलं, एक श्वास थांबले, मी शिकवलं तसं, आणि टक्! झाकण वर. करंगळीशेजारच्या बोटानं दांडी वर. दिवा लागला. माय पानं निवडायची थांबली. माझ्या झाकणाचा लाल रंग खरवडून निघाला, तिकडे बघून मी किंचाळले, "बाबा, माह्यं झाकण!" ते म्हणाले, "रंग लावून देतो न पोट्टे, ओरडते काहाले!" रंग त्यांनी कधीच लावून दिला नाही. त्या दिवसानंतर माझ्या विमानातली सगळी झाकणं ओरखडलेली आहेत.

परीक्षेत मायनं लबाडी केली. बाबा चहा पिताना लाईन गेली, शिंकताना लाईन गेली, मागे वळून मला काही सांगताना लाईन गेली. दोनदा नवव्याला चुकले. तिसऱ्या खेपेला दहा झाले. मायनं मांडीवरची पानं झटकली. टोपली उचलली, उठली आणि म्हणाली, "उद्या मी बी येतो मळ्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं विहिरीवर. पंप चालू होता, दुपारी लाईन गेली. मायनं तोंड उघडलं नाही, मीही नाही. बाबांनी तळहातानं झाकण पाडलं आणि मोठ्यानं म्हटलं, "पाडलं." मायनं जाऊन त्यावरून हात फिरवला. पट्टा ढिला झाला होता. बाबा खाली बसले आणि तोच उजवा हात त्यांनी चाक आणि पट्ट्याच्या मध्ये घातला.

आणि लाईन आली. आम्हाला ती आधी कानांनी कळली. पलीकडच्या विहिरीवरचा पंप घुरघुरला, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळं शिवार. चहूकडे मोटारी, आणि आमची गप्प. त्या बटनाची प्रत्येक वायर मी स्वतः जोडली होती, तरी मला वाटलं, आता फिरणार. मायनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. बाबांनी हात काढला नाही. त्यांना ऐकू आलं होतं, मानेवरची शीर ताठ झालेली मी पाहिली. पण त्यांनी पट्टा पुरा बसवला, चाक हातानं एकदा फिरवून पाहिलं, आणि मग हात बाहेर घेतला. जेवढा आत गेला होता तेवढाच. मी रडले. मोठ्यानं रडले, सांगायला लाज कसली?

माय डोळे पुसत खेकसली, "आली न लाईन! सगळ्याईचं पाणी सुरू झालं. करा न चालू!"

बाबा लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. लोटा उचलला, सावकाश पाणी प्यायले, धोतरानं तोंड पुसलं.

"येऊ दे," ते म्हणाले. "आजवर लाईन आली की मी पळत होतो. आता ते थांबन. मी उठीन तवा पंप चालू होईन."