भावाची तक्रार

नेरच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी, डबा मांडीवर ठेवून बसायची. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. एकदा म्हणाली, “कायदा शिकून राह्यली ना तू, पोरी?”

मी मान हलवली.

“सुपरवायझर अंगाले हात लावते म्हून मालकाले सांगतलं. मालकानं राखी आणली अन् मलेच त्याले बांधायले लावली. मिटलं म्हणे. आता थो ताई म्हणून हात लावते. सांग, भावाची तक्रार कोणाजवळ कराव?”

“मालकानं समिती नेमायची असते,” मी चाचरत म्हणाले.

“त्यानंच त राखी आणली, बाई.”

जिनिंग आलं, ती उतरली. फाटकाशी उभा असलेला माणूस हसून म्हणाला, “आली का ताई?”

तिने डबा छातीशी घट्ट धरला आणि आत गेली.