ओल्या हिरवळीचा वास
भोपाळच्या बाग सेवनिया भागात आमच्या समोरच्या बंगल्यात भर उन्हाळ्यात हिरवळीवर पाणी मारतात आणि तो ओल्या गवताचा वास मला नकोसा होतो. पूर्वी इथल्याच एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी पाणीपुरवठ्याचा प्रोग्राम लिहिला होता. त्यातली व्हॉल्व्हची ऑब्जेक्ट्स, एकेक व्हॉल्व्ह चालवणारे प्रोग्रामचे तुकडे, मेसेज बस नावाच्या निरोपांच्या सामाईक वाटेवर ठेवायची होती, म्हणजे ऑफिसातल्या इतर प्रोग्रामना तिथून निरोप पाठवून त्यांच्याशी बोलता आलं असतं. पाण्याची पातळी कुणीही विचारावी, पण व्हॉल्व्ह उघडायचा हक्क फक्त पंपघराला असावा, असं मी सांगून पाहिलं. आमचे साहेब म्हणाले, "अरे, सब खोल दो." मे महिन्यात आमच्या क्वार्टरांचे नळ कोरडे पडले. टँकरच्या रांगेत शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुमच्या त्या कंप्युटरला सांगा की जरा पाणी सोडायला." मी ऑफिसात जाऊन बसवरचे निरोप बघितले, तर अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा व्हॉल्व्ह उघडा आणि क्वार्टरांचा बंद करा, असा निरोप रोज पहाटे साहेबांच्याच मशीनवरून जात होता. मी तडक त्यांच्या बंगल्यावर गेलो. हिरवळ पायाखाली पचपचत होती आणि साहेब व्हरांड्यात कलिंगड खात बसले होते. माझं सगळं ऐकून घेत त्यांनी गवतात बिया थुंकल्या आणि म्हणाले, "प्रोग्राम तो बढ़िया चल रहा है तुम्हारा." दुसऱ्या दिवशी बसवरची एक सोय खरंच बंद झाली, मला निरोप बघता यायचे ती. आता समोर राहणारा माणूस सज्जन आहे, पाणीही त्याच्याच बोअरचं आहे, तरी त्याची नळी सुरू झाली की मी खिडकी लावून घेतो आणि आधी आमचा नळ उघडून बघतो.